समांतर रेषा: आधी चढ की आधी युक्ती?

३क्ष − ४य + ७ = ० या रेषेला समांतर आणि (२, −१) या बिंदूतून जाणारी रेषा शोधा. अकरावीच्या गणितातला हा नेहमीचा प्रश्न. तो सोडवण्याच्या दोन रीती रूढ आहेत आणि मुलांना आधी कोणती शिकवावी, यावर जाणत्या शिक्षकांतही मतभेद होऊ शकतात.

पहिल्या रीतीत चढ काढायचा. तो ३/४ येतो. समांतर रेषांचा चढ सारखाच, म्हणून य + १ = ३/४ (क्ष − २); आवराआवर केली की ३क्ष − ४य − १० = ०. दुसऱ्या रीतीत सहगुणकांना हात लावायचा नाही, फक्त स्थिरपद बदलायचे. ३क्ष − ४य मध्ये बिंदू घातला की १० मिळतात. झाले उत्तर.

दुसऱ्या रीतीला निव्वळ क्लासची क्लृप्ती म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. गणिती दृष्टीने ती निर्दोष आहे आणि अपूर्णांकांत, चिन्हांत होणाऱ्या चुका टाळते. एमएचटी-सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात, तिथे ही बचत मोलाची ठरते. शिवाय क्ष = ५ सारख्या उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही; पहिली रीत तिथे अडते, दुसरी अडत नाही.

मात्र रेषा समीकरणाऐवजी दोन बिंदूंनी किंवा नुसत्या आलेखाने दिली, तर जसेच्या तसे ठेवायला सहगुणकच नसतात. पुढे वक्राची अमुक रेषेला समांतर असणारी स्पर्शिका काढताना विकलजातून चढच हाती येतो. त्रिमितीत तर सहगुणक राखून स्थिरपद बदलले की रेषा नव्हे, समांतर प्रतल मिळते. अर्थात चढाची रीतही सूत्र म्हणून घोकता येते, आणि पुष्कळ मुले ती तशीच घोकतात. समजुतीचा मक्ता तिच्याकडे नाही.

तरीही आमचा कल चढाकडे आहे. दहावीत मुले चढ आणि समांतर रेषांचा संबंध शिकून आलेली असतात. त्याच पायावर पुढे जावे. चार-पाच उदाहरणे आलेखकागदावर झाली की बदलते ते फक्त स्थिरपद, हे त्यांनाच दिसू द्यावे आणि मग युक्ती खुशाल वापरू द्यावी. तपासनिसांनी मात्र, प्रश्नात रीत सांगितलेली नसेल तर, दोन्हींना पूर्ण गुण द्यावेत.