पाप म्हणजे काय?

"पाप" हा शब्द लहान आहे, पण आमच्या घरी तो रोज कानावर पडतो. पुस्तकाला पाय लागला की आजी म्हणते, "पाया पड, पाप लागंल!" ताटात भाकरी टाकली तर पाप. मुंगी चिरडली तरी पाप. कोणी आजारी पडला तर मोठी माणसे म्हणतात, "कुठल्या जन्माचं पाप फेडतोय बिचारा!" म्हणजे पाप हे चिखलासारखे लागते, कर्जासारखे फेडावे लागते आणि त्याचा घडाही भरतो. मोठी गंमत आहे!

मध्यंतरी वर्गातला नकाशा माझ्या हातून फाटला. गुरुजींनी विचारले तेव्हा मी गप्प बसलो. आळ दुसऱ्याच मुलावर आला. त्याने बोलणी खाल्ली. मला कोणीच "पाप लागंल" म्हणाले नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते. पण रात्री भाकरी गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना खरे सांगितले व त्या मुलाची माफी मागितली. तेव्हा मला कळले की, नकाशा फाटला ही चूक होती. गप्प बसलो हे पाप होते.

पूर्वी मुलींनी शिकणे हे पाप आहे, असे पुष्कळ लोक मानीत. तरी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पंढरपूरच्या देवळात अस्पृश्यांना जाऊ देत नसत. त्यासाठी साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले आणि देऊळ सर्वांना खुले झाले. म्हणजे लोक ज्याला पाप म्हणत होते ते पाप नव्हतेच. माणसाला दूर लोटणे हेच पाप होते. दुसऱ्याला पीडा देणे म्हणजे पाप, असे संत तुकारामांनी केव्हाच सांगून ठेवले आहे.

आजीचे म्हणणे काही खोटे नाही. पुस्तकाचा मान राखावा. भाकरीमागे आईबापाचे कष्ट असतात, ती टाकू नये. पण मित्रांनो, पुस्तकाला पाय लागला तर आपण लगेच पाया पडतो. मग आपल्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले तर माफी मागायला लाज का वाटावी?

आलेल्या पालकांनाही माझी विनंती आहे. आम्हाला "पाप लागेल" एवढेच सांगून भिववू नका. कोणाला दुखेल, कोणाचे नुकसान होईल, तेही सांगा. म्हणजे कोणी बघत नसतानासुद्धा आम्ही नीट वागू.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी