मोजक्या कळांचा कॅमेरा

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवास गुरुकुंज मोझरी येथे जाण्याचा योग आला. सामुदायिक मौन श्रद्धांजलीच्या क्षणी अफाट जनसमुदाय निश्चल होता. नातवाने दिलेला नवा डिजिटल कॅमेरा मी डोळ्याशी नेला आणि त्या शांततेत त्याने ‘पीं’ असा स्वर काढला. आवाज बंद करण्याची सोय त्यात होती; परंतु ती मेनूच्या चौथ्या पानावर दडलेली होती. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. ती नजर अद्याप विसरता येत नाही.

घरी परतल्यावर जुना आगफा क्लिक-थ्री आठवला. एका रोलवर बारा छायाचित्रे, ऊन की ढग एवढीच निवड आणि एक कळ. अर्थात सायंकाळी तो निरुपयोगी ठरे. म्हणून नवे सारेच त्याज्य, असे मी म्हणणार नाही. जर्मनीच्या लायका कंपनीने २०१६ साली मागील पडदाच नसलेला डिजिटल कॅमेरा काढला. मात्र त्याची किंमत लाखांत! साधेपणाही असा चैनीचा माल होऊ शकतो, हे आपणा व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग-परिमाण आहे. वापराची मर्यादा आपणच आधी ठरवावी, हा त्याचा गाभा. अनावश्यक सोय पैशाबरोबर अवधानही मागते, तोही परिग्रहच. मी आता कॅमेऱ्याचा आवाज बंद केला असून एकच स्वयंचलित पद्धत ठेवली आहे. पुढील वर्षी मोझरीस मौनाच्या वेळी मात्र तो पिशवीतच राहील.