कात्री कोणाच्या हाती?

लोकांनी मिळून संगणकावर लिहिलेला विकिपीडिया कागदावर उतरवायचा, तर काय ठेवावे आणि काय गाळावे, हाच पहिला प्रश्न होय. २०१५ साली मायकेल मँडिबर्ग या अमेरिकी कलावंताने संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया छपाईयोग्य केला, तेव्हा ७,४७३ खंडांचा हिशेब निघाला. शिवाय ३६ खंड केवळ लेखकांच्या नावांचे! हे सारे छापणे कोणास परवडणार? २००८ साली बर्टल्समान या जर्मन प्रकाशनसंस्थेने वेगळा मार्ग काढला होता. वाचकांनी सर्वाधिक शोधलेले सुमारे ५०,००० विषय निवडून, संपादकांकरवी तपासून व संक्षेपून, तिने एकच खंड प्रसिद्ध केला.

संपादकांची तपासणी आम्हांस सर्वथा मान्य आहे. संगणकावरील चूक घटकेत सुधारता येते. छापलेली चूक ग्रंथालयात वर्षानुवर्षे नांदते. मागणीचा निकष मात्र आम्हांस मान्य नाही. ज्याचा बोलबाला अधिक त्यालाच जागा, हा बाजाराचा न्याय झाला, ज्ञानाचा नव्हे. नटनट्यांचे कोशावाचून अडत नाही. आडगावचे शिलालेख, लहान बोली आणि विस्मृत ग्रंथकार यांचे अडते.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, ते मागणीचे आकडे मोजून काय? उद्या कोणी मराठी विकिपीडियाची निवड छापणार असेल, तर त्याने कात्री आकड्यांच्या हाती न देता जाणत्या संपादकांच्या हाती द्यावी; आणि लिहिणाऱ्यांची नावे तेवढी तिच्याखाली येऊ देऊ नयेत!