टफी, तितर आणि बिस्कीट

टेनिस बॉल आणून देणं, एवढंच आमच्या टफीचं करिअर. नऊ महिन्यांची लॅब्राडॉर, अमरावतीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. दिवाळीला अकोल्याकडे मामाच्या शेतात नेली आणि मॅडमचं नाक एकदम जमिनीला! लॅब्राडॉर मुळात रिट्रीव्हर. पडलेलं पाखरू अलगद तोंडात आणायचं, हे रक्तातच. विलायतेत अशा पिल्लाला आधी पंख बांधलेली डमी देतात, मग मेलेलं पाखरू. ‘बस’ पक्कं झालं की मगच जिवंत. पाखरू उडालं की पळायचं नाही, बसायचं. आमचं ‘बस’ मात्र फक्त बिस्किटापुरतं.

तुरीतून फडफडत तितरांची जोडी उडाली. टफी सुसाट! मामा खूश, “जाऊ दे नं वं, कुत्र्याचं कामच हाय थे!” कसलं जाऊ दे? १९७२च्या वन्यजीव कायद्यात जनावर हुसकावणं हीसुद्धा शिकारच. मी शिट्टी फुंकली. तिसऱ्यांदा ती थांबली. बसली नाही हं, नुसती थरथरत उभी.

मग तीन सकाळी लांब दोर आणि तोच बांध. चौथ्या दिवशी तितर उडाला, टफीने माझ्याकडे पाहिलं. बसली. खिशातलं बिस्कीट तिला आठवलंच नाही. मलाही.