समुद्र आणि आगगाडी: गोव्यातला विसरलेला रूळ

१/ गोव्यात सुट्टीला आलेला रेल्वेप्रेमी कोकण रेल्वेच्या मार्गावर समुद्र शोधतो आणि हिरमुसतो. १९९८ मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग मुंबई–मंगळूर अंतर कापण्यासाठी होता. किनारा गाठण्याचे त्याला कारणच नव्हते.

२/ समुद्राकडे निघालेला रूळ त्याहून शतकभर जुना. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारातून तो जन्मला. ब्रिटिश हिंदुस्थानातला माल मुरगाव बंदरात यावा, हा हेतू. १८८८ मध्ये ही मीटरगेज वाट घाट चढून ब्रिटिश हद्दीला भिडली. तिचे घाटातले टोक दूधसागरामुळे गाजले. बंदराकडच्या टोकाची आठवण पर्यटकाला क्वचितच होते.

३/ माझ्या मते पाहण्याजोगे तेच. वास्कोहून मडगावकडे येताना वेळसाव, कासावली, माजोर्डे ही गावे लागतात. माडांची राई, जुनी घरे, त्यांतून गेलेला रूळ आणि पलीकडे चालत जाण्याइतका जवळ किनारा. वेळसावला तोड नाही. (रुळावर उभे राहून छायाचित्रे काढण्याचा अट्टहास मात्र नको.)

४/ समोरून जाणाऱ्या वाघिणींत बहुधा कोळसा असतो: मुरगावात उतरलेला, कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे निघालेला. म्हणूनच घरांना खेटून होणाऱ्या दुपदरीकरणाला वेळसावकरांचा विरोध आहे. गाड्या वाढतील म्हणून आपण रेल्वेप्रेमींनी दुसऱ्या रुळाचे स्वागत करावे, हे मला पटत नाही. आपण चार दिवसांचे पाहुणे. धूळ त्यांच्या अंगणात पडते.