नझारोवा-निकीतिन: युक्रेनच्या आइस डान्स जोडीच्या नावापुढे 'माघार' का लागली?

मार्च २०२२. फ्रान्समधल्या मॉन्पेलिएत फिगर स्केटिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू होती. युक्रेनची ओलेक्सांद्रा नझारोवा आणि तिचा जोडीदार मॅक्सिम निकीतिन बर्फावर उतरले, तेव्हा अंगावर नेहमीचे चमचमते पोशाख नव्हते. होते ते युक्रेनच्या निळ्या-पिवळ्या रंगांतले साधे कपडे.

दोघंही खारकीव्हचे. हे शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम ४० किलोमीटरवर आहे. बीजिंग हिवाळी ऑलिंपिक २० फेब्रुवारीला संपलं आणि चारच दिवसांनी रशियाने हल्ला केला. २०१८ आणि २०२२ अशी दोन ऑलिंपिक खेळलेल्या या जोडीचं शहर बॉम्बहल्ल्यांखाली आलं.

आता थोडं या खेळाविषयी, कारण आपल्याकडे तो फारसा पाहिला जात नाही. आइस डान्समध्ये जोडीदाराला डोक्यावर उचलणं किंवा हवेत भिरकावणं चालत नाही. गुण मिळतात ते पावलं, ताल आणि दोघांमधल्या मेळाला. स्पर्धा दोन भागांत होते: ऱ्हिदम डान्स आणि फ्री डान्स. दोन्हींचे गुण मिळून अंतिम क्रमांक ठरतो. ऱ्हिदम डान्सचा विषय आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना ठरवते. त्या हंगामात तो 'स्ट्रीट डान्स' होता. म्हणजे हिप-हॉप, फंक, ब्लूज वगैरे. थोडक्यात, मजेचा मामला.

नझारोवा आणि निकीतिन मात्र 'ट्रीट' म्हणून नाचले नाहीत. त्यांनी निवडलं जमालाचं '१९४४'. स्टालिनच्या राजवटीत क्रिमियन तातारांना त्यांच्या भूमीतून हाकललं गेलं, त्यावरचं हे गाणं. २०१६ मध्ये युरोव्हिजन जिंकलेलं. युद्धाला जेमतेम महिना झालेला असताना या गाण्याचा अर्थ प्रेक्षकांना समजावून सांगायची गरज नव्हती.

रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंवर संघटनेने १ मार्चलाच बंदी घातली होती. त्यामुळे समोर रशियन जोड्या नव्हत्या. पण खेळाला राजकारणापासून दूर ठेवा, असं म्हणणाऱ्यांना इथे काय उत्तर द्यायचं? राजकारण या जोडीच्या घरापर्यंत आधीच पोहोचलं होतं.

फ्री डान्सला ते उतरलेच नाहीत. नियमानुसार दुसरा भाग नाही, तर अंतिम क्रमांकही नाही. म्हणून त्या स्पर्धेच्या निकालपत्रकात त्यांच्या नावापुढे आकडा नाही, फक्त 'माघार' आहे. दुखापतीने बाहेर पडलेल्यांसाठीही तोच शब्द वापरतात.