जुने संगणक आणि मराठी फायली

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीला, म्हणजे संगणकाची सर्व कामे चालवणाऱ्या मूळ आज्ञावलीला, नियमितपणे मोफत मिळणारी सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालत नसल्याने, चांदवडसारख्या तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका व अर्ज छापून देणारे धडधाकट संगणकही मोडीत निघण्याची वेळ आली. लिनक्स हा त्यावरचा उत्तम उपाय आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जिचा पाया घातला, ती ही मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, तपासता व बदलता येणारी प्रणाली डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते.

खरी अडचण मराठी मजकुरापाशी येते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेली फाइल, तो फाँट नसलेल्या लिनक्सवर लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन आज्ञावलीत उघडली की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग दिसते, कारण देवनागरी रूप केवळ त्या फाँटने दिलेले असते. परिवर्तक आज्ञावलीने असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात. हे काम किचकट खरे, पण लिनक्स न घेताही ते आज ना उद्या करावेच लागणार आहे. मराठी टंकनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच, शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही मिळतात. चांदवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी या फायलींच्या रूपांतराचे काम आधी हाती घ्यावे.